बाळ आले, पण काम संपले नाही

रात्रीचे सव्वादोन. श्रावणातली सर पत्र्यावर वाजते आहे. मालवण किनारपट्टीवरच्या एका शासकीय रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये एकच बाई आहे. तेवीस वर्षांची पहिलटकरीण, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. नवरा ट्रॉलरवर खलाशी. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपली आणि तो समुद्रावर गेला. उशाशी तिची आई उभी आहे. एक हात लेकीच्या कपाळावर, ओठांत देवाला गाऱ्हाणे. पायथ्याशी दोघी जणी आहेत. एक, आयुष्यभर बाळंतपणे करत आलेली सिस्टर. दुसरी, एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास होऊन नुकतीच रुजू झालेली इंटर्न. प्रसूतीचे सगळे टप्पे तिला पाठ आहेत. रबराच्या पुतळ्यावर तिने सराव केला आहे. इतरांच्या खांद्यावरून वाकून तिने बाळंतपणे पाहिलीही आहेत. आज पहिल्यांदा बाळ तिच्या हातात येणार आहे.

ही रात्र कोणा एकीची नाही. थोड्याफार फरकाने ती प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला येते. सिंधुदुर्गात तर आता ती वरचेवर येईल. ओरोसला जिल्हा रुग्णालयाला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ या वर्षी सुरू झाले. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपला की एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे आंतरवासिता, असते. त्यातले सात आठवडे स्त्रीरोग व प्रसूती विभागात काढायचे असतात. म्हणजे जिल्ह्यातल्या बायकांच्या बाळंतपणात यापुढे शिकाऊ हात असणार. त्या हातांनी नेमके काय शिकायचे असते आणि आपल्या घरातली बाई त्या टेबलावर असेल तेव्हा आपल्याला काय ठाऊक असावे, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

आधी हात, मग परवानगी

इंटर्नने हातमोजे उचलले, तेवढ्यात सिस्टरने नळाकडे बोट दाखवले. "डॉक्टर, आधी हात. कोपरापर्यंत." मोजे घालायचेच आहेत तर इतके धुवायचे कशाला, असे कोणालाही वाटेल. पण प्रसूतिशास्त्राच्या इतिहासातला सर्वांत कडू धडा शिकाऊ डॉक्टरांच्या हातांबद्दलचाच आहे.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. एका विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. बायका तिथे भरती होऊ नये म्हणून हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधले. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करत आणि त्याच हातांनी थेट बाळंतिणींना तपासायला येत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये त्या विभागातले मृत्यू १८ टक्क्यांवर होते. जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आले. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते, त्यामुळे अनेक बड्या डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. आपल्याच हातांनी रोग पोहोचतो, हे मान्य करणे कोणालाही जड जाते.

हात धुतल्यावर दुसरी पायरी परवानगीची. इंटर्न बाईच्या डोक्याशी गेली. "ताई, मी शिकाऊ डॉक्टर आहे. सिस्टर माझ्या शेजारीच आहेत. मी तपासलं तर चालेल का?" बाईने कळ ओसरल्यावर मान हलवली. हा प्रश्न उपचार म्हणून विचारायचा नसतो. कळांनी बेजार झालेली बाई सहसा नाही म्हणत नाही, म्हणूनच तो नीट, तिच्या डोळ्यांत बघून विचारायचा असतो आणि नाही म्हटले तर मागे सरायचे असते. शिकण्यासाठी पाच जणांनी पाठोपाठ तपासणे, पडदा न ओढणे, "आता कशाला ओरडतेस" असे म्हणणे, हे शिक्षण नव्हे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचे वेगळे धडे आले आहेत. वर्गात ते कितीही घोकले तरी त्यांची परीक्षा इथेच होते. शिकाऊ डॉक्टर पुरुष असेल तर तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी हजर असायलाच हवी.

आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहाच दिवस जगले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. बायकांना संकोच न वाटता दाखवता येईल असा डॉक्टर हवा, हे त्यांचे म्हणणे होते. आज तालुक्याच्या गावात मध्यरात्री लेबर रूममध्ये दोन्ही बाजूंना बायकाच उभ्या असतात, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

पोटावर हात ठेवून वाट पाहायची

शिकाऊ डॉक्टरला काहीतरी करण्याची घाई असते. दर अर्ध्या तासाने आतून तपासावे, पिशवीचे तोंड किती उघडले ते पाहावे, असे तिला वाटते. सिस्टरने तिला स्टूल दिले. "बसा. हात पोटावर ठेवा आणि घड्याळ बघा. दहा मिनिटांत कळा किती, आणि एक कळ किती सेकंद."

हातांनी कळा मोजणे हे जुने तंत्र आहे आणि आजही ते सोडलेले नाही. कळ येते तेव्हा गर्भाशय तळव्याखाली घट्ट होते, मग हळूहळू सैल पडते. त्या सैल वेळात बाळाला वारेतून पुरेसा प्राणवायू मिळतो. म्हणून कळा अगदी लागोपाठ येत असतील तर तेही धोक्याचे. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावे लागतात. पहिल्या टप्प्यात ते दर अर्ध्या तासाने ऐकायचे, आणि बाई जोर देऊ लागली की दर पाच मिनिटांनी. आतली तपासणी मात्र साधारण चार तासांनी एकदा पुरते. प्रत्येक जादा तपासणीबरोबर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

पिशवीचे तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, असा हिशेब कित्येक वर्षे चालला. १९५० च्या दशकात अमेरिकेत डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी काढलेल्या आलेखावरून तो रुजला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की हा वेग सर्वच बायकांना लागू होत नाही. बाळाचे ठोके आणि बाईची तब्येत चांगली असेल तर केवळ घड्याळ मागे पडले म्हणून सलाइनमधून कळा वाढवायची किंवा सिझेरियन करायची घाई नको. २०२० मध्ये संघटनेने नवा तक्ता आणला. त्यात ठोके, कळा, नाडी आणि रक्तदाब यांच्याबरोबर आणखी काही रकाने आहेत: बाईजवळ सोबतीण आहे का, तिने काही प्यायले का, वेदना कमी करायला काही केले का. आईचा हात कपाळावर असणे, हीदेखील आता नोंद करण्याची गोष्ट आहे.

"आये गे, आता माका सोसणा नाय!" बाई कळवळली. सिस्टर तिच्या कमरेवर हात फिरवत म्हणाली, "भियाव नको गो बाय, मी हयच आसय." इंटर्नने त्या रात्री जे पाहिले त्यातले पुस्तकात न सापडणारे हेच होते. सिस्टरच्या त्या एका वाक्यानंतर बाईचा श्वास खाली आला.

डोके दिसते तेव्हा

पावणेचारला डोके दिसू लागले. "पोटावर जरा दाबा ना, लवकर सुटेल," बाईची आई काकुळतीला येऊन म्हणाली. सिस्टरने नकाराची मान हलवली. वरून पोट दाबून बाळ खाली ढकलण्याची पद्धत धोक्याची आहे. गर्भाशयाला आणि खालच्या भागाला इजा होऊ शकते. तसाच सरसकट छेद देण्याचा प्रघातही आता मागे पडला आहे. गरज असेल तेव्हाच छेद, एरवी नाही.

इंटर्नचा एक हात बाळाच्या डोक्यावर, दुसरा कापडासह खालच्या त्वचेवर. तिचे काम बाळ ओढायचे नव्हतेच. डोके झटक्यात बाहेर येऊन बाई फाटू नये, इतकाच हलका विरोध करायचा होता. "आता जोर नको ताई, फक्त तोंडाने श्वास सोडा." डोके आले, तोंड खाली. बोट मानेभोवती फिरवून नाळेचा वेढा आहे का ते पाहायचे. चार-पाच बाळांत एकाच्या मानेला तो असतो आणि बहुतेक वेळा सहज सैल होतो. मग काही क्षण काहीच घडत नाही. शिकाऊ डॉक्टरला हे क्षण तासासारखे वाटतात. डोके बाहेर आणि अंग आत! हात आपोआप ओढायला जातात. "थांबा," सिस्टर म्हणाली. बाळाने आपण होऊन चेहरा आईच्या मांडीकडे वळवला. आत खांदे फिरत होते. पुढची कळ आली, वरचा खांदा सुटला, मग खालचा, आणि उरलेले अंग पाण्याच्या लोंढ्याबरोबर सर्रकन इंटर्नच्या हातांत आले. नवजात बाळ किती निसरडे असते, ते हातात आल्याशिवाय कळत नाही.

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटे. मुलगी. तिला आईच्या पोटावर ठेवून कोरड्या, उबदार कापडाने पुसले. पुसण्याच्या त्या चोळण्यानेच बहुतेक बाळे रडतात. रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने श्वास द्यायची तयारी हाताशी ठेवलेली असते. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला रंग, ठोके, हालचाल, प्रतिसाद आणि श्वास यांना मिळून दहापैकी गुण द्यायचे. भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये मांडलेली ही साधी मोजणी आज जगभर चालते. नाळही लगेच कापायची नाही. एक ते तीन मिनिटे थांबले की वारेतले रक्त बाळाला मिळते आणि पुढे रक्तक्षयाची शक्यता कमी होते.

मुलगी खणखणीत रडली. इंटर्नचे डोळे भरून आले. तिची नजर बाळावरून हलेना. बाहेर मुलीचा दीर फोन हातात घेऊन उभा होता, कोणीतरी दार किलकिले करून "काय झाला?" विचारले. सिस्टर म्हणाली, "आजी, मुलगी झाली." म्हातारीने नातीकडे पाहिले, हसली, आणि लगेच मान वळवून विचारले, "आणि माझा चेडू? ता बरा आसा मां?"

इंटर्नने तेव्हा कुठे खाली पाहिले.

त्या पंधरा मिनिटांत

बाळ येताच दंडात ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दिले होते. वार पडली होती, पुरी आहे हे सिस्टरने तपासले होते. पण खाली लावलेल्या, मापाच्या रेघा असलेल्या पिशवीत रक्त ३०० मिलिलिटरच्या पुढे गेले होते आणि धार थांबत नव्हती. सिस्टरने इंटर्नचा हात धरून पोटावर ठेवला. बेंबीखाली क्रिकेटच्या चेंडूसारखा टणक गोळा लागायला हवा होता. लागले ते मऊ, भिजवलेल्या कणकेसारखे. नाडी ११२.

इथे शरीराची रचना समजून घेतली पाहिजे. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पुरवले जाते. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद करायला शरीर गुठळीवर विसंबून राहत नाही. गर्भाशयाचे स्नायू एकमेकांत गुंफलेले असतात. ते आवळले की मधल्या रक्तवाहिन्या गाठ मारल्यासारख्या मिटतात. स्नायू थकले आणि आवळलेच नाहीत, तर सशक्त बाईही काही मिनिटांत धोक्यात येते. आधीच रक्त कमी असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आहे.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने जगात दरवर्षी हजारो बायका दगावतात. उपाय नवे नाहीत; अडचण वेळेची असते. पूर्वी रक्त नजरेने जोखत, आणि नजर नेहमी कमी जोखते. एक उपाय करून पाहायचा, मग वाट पाहायची, मग दुसरा, यात घटका जात. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे दोनच गोष्टी बदलल्या. रक्त मापाच्या पिशवीत मोजायचे, आणि ठरलेल्या रेघेच्या पुढे गेले की सगळे उपाय एकदम सुरू करायचे: गर्भाशय चोळणे, ते आवळणारी औषधे, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, सलाइन आणि रक्त कुठून येते याची तपासणी. गंभीर परिणामांचे प्रमाण तब्बल ६० टक्क्यांनी घटले. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडचा गुण त्याआधी २०१७ मध्ये वीस हजार बायकांवरच्या अभ्यासात दिसला होता. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात.

सिस्टरने मॅडमना फोन लावला आणि बोलता बोलताच मूत्राशय रिकामे करायला नळी घातली. भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही. सलाइन चालू झाले. फ्रिजमधून ऑक्सिटोसिन आले. हे औषध २ ते ८ अंशांतच टिकते, म्हणून पावसाळ्यात वीज गेली की सिस्टर आधी फ्रिज बघते. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड हळूहळू शिरेतून गेले. आणि इंटर्न? ती पोटावर हात ठेवून चोळत राहिली. मॅडम आल्या, आत कुठे फाटले आहे का ते पाहून घेतले. बाराव्या मिनिटाला इंटर्नच्या तळव्याखाली तो मऊ गोळा घट्ट होऊ लागला. धार थांबली. पिशवीत ५५० मिलिलिटर.

हे थांबले नसते तर? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, पावसातला रस्ता, ओरोस. तिथेही भागले नाही तर गोव्यातले बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर. किनाऱ्यावरच्या कुटुंबांना ही वाट ठाऊक आहे. म्हणूनच त्या पहिल्या पंधरा मिनिटांत जवळच्या हातांनी काय केले, यावर पुढचे सगळे ठरते. देशात १९९७-९८ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ मातांचे मृत्यू होत. २०१८-२० मध्ये ते ९७ वर आले, महाराष्ट्रात ३३ वर. यामागे रुग्णालयातली बाळंतपणे आहेत, जननी सुरक्षा योजना आहे, रस्ते आहेत, आणि रात्रपाळीतल्या अशा सिस्टरही आहेत.

घरच्यांनी काय करावे

बाळ आले की घरातली सगळी माणसे बाळाभोवती जमतात. फोटो, फोन, पेढे. नेमक्या त्याच वेळी आई एकटी पडते. पहिले दोन तास एका जाणत्या बाईने तिच्याजवळच बसावे. पॅड झपाट्याने भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तिला घेरी येत असेल, ती घामाने थंडगार पडली असेल, फार तहान लागून बेचैन झाली असेल किंवा बोलता बोलता गप्प झाली असेल, तर "जरा बघू" म्हणू नये. लगेच सिस्टरला हाक मारावी. घरी गेल्यावरही जास्त रक्त जाऊ लागले, घाण वास आला, ताप आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थेट रुग्णालय गाठावे.

तयारी त्याआधीपासून हवी. लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासून घ्यावा. बाळंतपणासाठी मुंबईहून माहेरी येणाऱ्या मुलींनी सगळे कागद बरोबर आणावेत, आणि नवव्या महिन्यापर्यंत न थांबता इथल्या रुग्णालयात नाव घालावे. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, औषधे, गरज पडल्यास रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. शिकाऊ डॉक्टर तपासणार असेल तर तिचे नाव विचारा, वरिष्ठ कोण आहेत ते विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि परवानगी द्यावीशी वाटली तर जरूर द्या; उद्या वाडीतल्या कोणाचे तरी बाळंतपण तीच करणार आहे.

साडेपाचला पाऊस थांबला. बाळ आईच्या अंगाला लागून पीत होते. दूध ओढले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन आपोआप पाझरते आणि गर्भाशय आणखी आवळते. म्हणून पहिल्या तासात पाजणे बाळाइतकेच आईच्याही कामाचे. म्हातारी विचारत होती, लेकीला पेज कधी द्यायची. इंटर्न नोंदी लिहीत होती. जन्माची वेळ, वजन, लिंग: एकच ओळ. त्याखाली दर पंधरा मिनिटांची नाडी, रक्तदाब, गर्भाशय घट्ट की सैल, रक्त किती, असे अर्धे पान भरले होते.

"चहा आलाय, डॉक्टर," सिस्टर म्हणाली. इंटर्नने घड्याळाकडे पाहिले.

"पाच मिनिटं, सिस्टर. एकदा पोट बघून येते."